पद्माकरांचा नमुना

"काका, तुमची थुंकी द्या ना."

नॉटिंगहॅमच्या त्या विद्यापीठात पद्माकरांकडे आजवर लोकांनी पेन मागितलं होतं, छत्री मागितली होती. थुंकी पहिल्यांदाच.

मागणारी अन्वी, हॉकी संघाची गोलकीपर. दर गुरुवारी खेळाडू रांगेने नळीत थुंकत, पद्माकर त्या नळ्या यंत्रात घालत आणि शरीरावर किती ताण आहे त्याचा आकडा वीस मिनिटांत बाहेर येई. आकडा विसाच्या वर गेला की कोचबाई खेळाडूला बाकावर बसवत.

"मी सगळा वीक झोपलीच नाही. आकडा वर गेला तर शनिवारची फायनल गेली, काका! तुम्ही किती चिल असता."

ते खरं होतं. विभागात प्रिंटर अडकला तरी लोकांना घाम फुटे. पद्माकरांची बायको आशा आठ महिन्यांपूर्वी गेली, तेव्हाही ते तिसऱ्या दिवशी हजर होते. 'आय ॲम फाइन' म्हणून नळ्यांना लेबलं चिकटवायला लागले होते.

एकोणीस वर्षांत त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. पण आख्ख्या इमारतीत त्यांना काका म्हणणारी ही एकटीच. ते कपाटाआड गेले आणि अन्वीच्या नळीत थुंकले.

आकडा आला सेहेचाळीस.

यंत्र बिघडलं असणार म्हणून त्यांनी तीच नळी पुन्हा घातली. सत्तेचाळीस.

"ही मुलगी उभी तरी कशी आहे?" कोचबाईंनी विचारलं.

अन्वी मराठीत कुजबुजली, "काका, काय केलंत तुम्ही?"

"मलाही माहीत नव्हतं गं," पद्माकर म्हणाले. मग कोचबाईंकडे वळून इंग्रजीत, "नमुना माझा आहे."

अन्वीला समोर उभं करून थुंकायला लावलं. अकरा. म्हणजे फायनल तिची, आणि महिनाभर संघाचे मोजे धुवायचं कामही तिचंच. पद्माकरांना लेखी ताकीद.

यंत्राचा कागद ज्याचा नमुना त्यालाच द्यायचा, असा नियम. पद्माकरांनी तो स्वतःला दिला आणि मिळाल्याची सही घेतली. कागदावर खाली छापलं होतं: तीन दिवस विश्रांती. घरच्यांशी बोला.

सकाळी एक नियम मोडून झाला होता, तेवढा पुरे. घरी येऊन त्यांनी चहा केला, आशाच्या खुर्चीसमोर बसले आणि घसा साफ केला.

"अगं," ते म्हणाले.

पुढे काय बोलायचं ते दिलेलं नव्हतं. त्यांनी कागद उलटून पाहिला.