काळी किटली आणि तीन शून्यं

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी एक जुनी, जाळावर बसून बसून काळीठिक्कर पडलेली कॉफीची किटली आहे. आमच्याकडे, फिनलंडच्या उत्तरेला, रानात नेण्याच्या किटलीची पारख तिच्या काजळीवरून करतात. आतून धुवायची, बाहेरून घासायची नाही. काजळी जाड असली की कॉफी लवकर उकळते, असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात. मी तरी त्यांना कशाला खोटं पाडू?

एके काळी मी चकचकीत होते बरं का! अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून माझा जन्म झाला, आणि दुकानाच्या फळीवरून मला आर्मास नावाच्या माणसाने उचललं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको लेम्पी मला बघून म्हणाली, "अगोबाई, हिच्यात तर तोंड दिसतंय!"

"एक उन्हाळा थांब," आर्मास म्हणाला. "मग तोंड काय, काहीच दिसायचं नाही."

दोघंही पाखरांचे वेडे. आमच्याकडे जूनमध्ये सूर्य मावळायला मागत नाही, आणि त्या उजेडात दूरदूरची पाखरं आमच्या रानात घरटी करायला येतात. ती मोजण्यासाठी पक्षिमित्र मंडळाने लेम्पीकडे कोर्पिवारा टेकडीवरची एक वाट सोपवली होती. सहा किलोमीटरची वाट. पहाटे चारला निघायचं आणि जे दिसेल, जे ऐकू येईल ते वहीत टिपायचं. सूचिपर्णी झाडांच्या त्या गच्च रानात दिसतं कितीसं? दहातली नऊ पाखरं कानानेच सापडतात. म्हणून वाटेवर चकार शब्द काढायचा नाही, असा लेम्पीचा नियम होता. वाट संपली, जाळ पेटला, मी उकळले, की मगच जिभा सुटायच्या.

माझ्यात कॉफी करणं म्हणजे आर्मासचा सोहळाच. मूठभर जाडी कॉफी टाकायची, तीनदा उकळी आणायची, आणि मग कडीला धरून मला हातभर लांब गरागरा फिरवायचं. चोथा तळाशी बसतो त्याने. पहिल्या खेपेला मला घेरी आली होती! मग लाकडी पेल्यांत चीजचे तुकडे पडायचे आणि वरून मी. "अशी कॉफी राजालाही मिळत नसेल," आर्मास दरवर्षी म्हणायचा, आणि दरवर्षी मला ते नवीनच वाटायचं.

त्यांचं सगळ्यात लाडकं पाखरू म्हणजे निळशेपट्या. चिमणीएवढा जीव. शेपटी निळी, कुशीला नारिंगी डाग. झाडाच्या पार शेंड्यावर बसून तो बारीक, रडवेली शिट्टी घालतो. एका वर्षी वाटेवर पाच मिळाले, तेव्हा लेम्पीने आनंदाच्या भरात माझा मुका घेतला. दिवसभर तिचे ओठ काळे होते.

मी आर्मासच्या पाठपिशवीला लटकलेली असायचे, म्हणून एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. पाखरू बोललं की आधी आर्मास लेम्पीच्या खांद्यावर टिचकी मारायचा आणि बोटाने दिशा दाखवायचा. ती मान डोलवायची, दुर्बीण लावायची, वहीत लिहायची. सुरुवातीला कधी हा आधी, कधी ती. शेवटच्या काही वर्षांत मात्र नेहमी हाच आधी. मला ते दिसत होतं. पण किटलीने सांगायचं कसं?

मग आर्मास गेला. लेम्पीने मला न्हाणीघराच्या खोपीत खिळ्याला अडकवलं. "एकटीसाठी कसला जाळ पेटवायचा?" असं म्हणाली आणि थर्मास घेऊन निघाली. तीन उन्हाळे मी तिथेच टांगलेली. माझ्या तोटीत कोळ्याने जाळं विणलं. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून वाईट वाटायचं लेम्पीकडे पाहून. दर जूनमध्ये ती परत यायची, खोपीच्या पायरीवर बसून बूट काढायची आणि नुसती बसून राहायची. एकदा वही उघडून आपल्याशीच बोलली, "निळशेपट्या, शून्य. यंदाही शून्य."

चौथ्या वर्षी तिचा गुडघा दुखायला लागला. एकटीने रानात जायचं नाही, असं मुलाने बजावलं. तेव्हा आर्मासचा धाकटा भाऊ ओइवा सोबतीला आला. जन्मभर लाकडाची लॉरी चालवून निवृत्त झालेला, आडदांड, बोलघेवडा माणूस.

"वहिनी, थर्मासची कॉफी म्हणजे रेडिएटरमधलं पाणी," तो म्हणाला. "मी नाही पिणार. दादाची किटली कुठंय?"

त्याने मला खिळ्यावरून काढलं, कोळ्याला हाकललं, आणि मी पुन्हा एकदा पिशवीला लटकले. मित्रांनो, काय सांगू! माझी कडी आनंदाने खुळखुळायला लागली, तर लेम्पीने लगेच तिच्यात चिंधी कोंबली. नियम म्हणजे नियम.

सहा किलोमीटर ओइवा बिचारा तोंड मिटून चालला. डास चावले तरी हूं की चूं नाही. आणि रान? अहो, रान नुसतं गात होतं! मी कान टवकारून होते. एक निळशेपट्या, दुसरा, थोड्या अंतरावर तिसरा. लेम्पी मात्र सरळ चालत होती. तिची पेन्सिल हलत नव्हती.

वाट संपली. ओइवाने जाळ केला, मला वर ठेवलं.

"वहिनी, आता बोललं तर चालेल ना?"

"बोल बाबा, नाहीतर फुटशील."

"काय काय मिळालं?"

"चौथं शून्य," लेम्पी म्हणाली. "आर्मास गेला आणि त्याच्या मागोमाग त्याची पाखरंही गेली. टेकडीमागचं रान तोडलं ना तुम्ही लोकांनी. माझ्या पाखरांची घरं तुझ्याच लॉरीतून गेली असतील, मेल्या. आता मंडळाला कळवून टाकते, ही वाट बंद करा म्हणून. रिकाम्या रानात कशाला तंगड्या तोडायच्या?"

"रिकामं?" ओइवाने डोळे वटारले. "डोकं उठवलं की सगळ्यांनी मिळून! त्यातला एक तर शिट्ट्या मारून मारून जीव खातोय. आताही चाललंय बघा त्याचं."

"कुणाचं?"

"मला काय विचारता? मला कोंबडी आणि कावळा, एवढंच ओळखता येतं. बारीक आवाज आहे. रडका."

"काहीतरीच. कानात डास गेला असेल तुझ्या."

"डास शिट्टी घालतो होय?" ओइवाने ओठांचा चंबू केला आणि ती शिट्टी जशीच्या तशी वाजवून दाखवली. फक्त जरा जाड्या आवाजात.

पेल्यात चीज टाकता टाकता लेम्पी थांबली.

"पुन्हा वाजव."

त्याने पुन्हा वाजवली.

"आत्ता? या घडीला वाजवतोय तो?"

"हो की. त्या वाळक्या शेंड्यावरून."

लेम्पीने दुर्बीण लावली. शेंड्यावर तो बसला होता. शेपटी निळी, कुशीला नारिंगी डाग. चोच उघडत होती, मिटत होती, इवलासा गळा थरथरत होता. ओइवा ऐकत होता, मी ऐकत होते. लेम्पीला त्यातलं काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. ती नुसती बघत राहिली.

"तो टिचकी मारायचा," ती हळूच म्हणाली. "आर्मास. मग मी म्हणायचे, हो हो, ऐकलं. सोंग नव्हतं रे ते. मला खरंच वाटायचं की ऐकलं."

तिचे डोळे भरून आले. ओइवा घाबरला. "वहिनी, रडू नका हो. तालुक्याला कानाचा चांगला डॉक्टर आहे, मी नेतो तुम्हाला गाडीनं..."

"रडतंय कोण, वेड्या?" लेम्पी हसायलाच लागली. हसता हसता तिने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. "कान गेलेत माझे. पाखरं नाही गेली!"

या गडबडीत मी उतू गेले आणि जाळ विझला. पण त्या दिवशी मला कोणी बोल लावला नाही.

दुसऱ्या पहाटे दोघं तीच वाट पुन्हा चालले. आता नियम उलटा. काहीही ऐकलं की ओइवाने लगेच शिट्टी वाजवून दाखवायची, आणि लेम्पीने नाव सांगायचं. त्याला नावं येत नव्हती, तिला आवाज येत नव्हते. दोघांचे मिळून चार निळशेपटे सापडले. शेवटी कॉफी झाल्यावर लेम्पीने जुनी वही मांडीवर घेतली, यंदाच्या रकान्यात चार लिहिले आणि आधीच्या तिन्ही शून्यांवर काट मारली. प्रत्येकापुढे तिने तेच लिहिलं, आणि मंडळालाही तेच कळवलं: "पाखरं होती. मोजणारी बहिरी होती."

त्यानंतर मी पुन्हा खिळ्याला टांगले गेले नाही. म्हणजे हिवाळ्यात टांगतात, पण जून येताच ओइवा हजर असतो. आता त्याला अकरा पाखरं नावानिशी ओळखता येतात, आणि तो ते सगळ्या गावाला सांगत सुटतो.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. जुन्या किटल्यांना आतून धुवा, त्यांच्या काजळीला मात्र हात लावू नका. आणि एखाद्या वर्षी तुमचं रान मुकं झालंय असं वाटलं, तर वहीत शून्य लिहिण्याआधी जरा थांबा. जाळ पेटवा, शेजारच्याला कॉफी द्या आणि विचारा, "तुला काही ऐकू येतंय का रे?"