चारच्या चहाचा दुसरा कप

मित्रांनो, जुनी शेगडी म्हटलेलं मला खपत नाही. पण आहे खरी जुनी. दोन बर्नर, एक तिरका पाय आणि घासून घासून फिकी पडलेली पाठ. साकीनाक्याच्या एका गाळ्यात माझा जन्म झाला. बाळा नावाचा एक कामगार आपली गिरणी बंद पडल्यावर तिथे शेगड्या जोडायच्या कामाला लागला होता. माझे पितळी बर्नर त्यानेच बसवले. पायात खोट निघाली म्हणून मालकाने मला त्यालाच देऊन टाकलं आणि खांद्यावर घेऊन तो मला नाहूरच्या घरी घेऊन आला. त्याच्या बायकोने, मालनने, मला हळदकुंकू लावून माझ्यावर दूध उतू घालवलं.

पुढची वर्षं मी नुसती राबले. गणपतीचे मोदक उकडले, तापातली पेज शिजवली. पाहुणे आले की मालन मिरवायची, आमच्या ह्यांच्या हातची शेगडी आहे म्हणून. आणि रोज दुपारी चारला पहिली पाळी संपवून बाळा यायचा, चपला काढता काढताच आपल्या मालवणीत म्हणायचा, "चाय दी गो, घसो सुकलो." मग माझ्यावर दोन कपांचं आधण चढायचं.

गेल्या वर्षी बाळा वारला. मुलगा श्रेयस बोटीवर नोकरीला, सून श्रुतिका अंधेरीच्या ऑफिसातून दिवेलागणीला परतणार. मालनची झोप उडाली. डॉक्टरीणबाईंनी झोपेची गोळी लिहून दिली. रात्री एकच, तीही पंधरा दिवस, आणि मग पुन्हा येऊन भेटा, असं बजावून सांगितलं. त्या गोळीने तिला खरंच विसावा दिला. औषधाला मी नावं ठेवणार नाही.

पण मालन पुन्हा भेटायला गेलीच नाही. गोळ्या संपल्या तेव्हा शेजारच्या पद्मजाताईंनी आपल्या पाकिटातल्या काढून दिल्या. बाई मनाने चांगली, पण दुसऱ्याचं औषध वाटणं म्हणजे वाटीभर साखर देणं नव्हे. त्या गोळ्या जास्त जड होत्या. मालनला रिकामी दुपार खायला उठायची, म्हणून ती रात्रीची घ्यायचीच, वर एक दुपारीही घ्यायला लागली.

आणि एके दिवशी ती जागी झाली, तर टेबलावर चहाचे दोन कप होते. एक भरलेला, एक संपलेला.

मालन घाबरली नाही, मित्रांनो. भर दुपारी कोण फिरतं आणि कोणाला हटकायचं नसतं, हे ऐकतच ती कोकणात वाढली होती. तिने रिकामा कप दोन्ही हातांत धरला आणि ती हसली. बाळा आला होता, चहा पिऊन गेला होता. तिने कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर तो यायचा थांबेल असं तिला वाटलं.

मी सगळं पाहत होते. मालनच उठून यायची. डोळे उघडे, पण त्यांत कोणी नसायचं. अनवाणी यायची, माझं बटण फिरवायची, लायटर पेटवायची, पातेलं ठेवायची. मग जाड, घोगऱ्या आवाजात म्हणायची, "चाय दी गो, घसो सुकलो." आणि आपल्याच आवाजात उत्तर द्यायची, "देते हो, बसा." दोन कप भरायची आणि त्याच्या वाट्याचा तीच पिऊन टाकायची. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मीही फसले. वाटलं, ज्याने मला घडवलं तोच दारात उभा आहे. पण बटणावरचा हात मालनचा होता. मला ओरडायचं होतं. शेगडीला तोंड कुठे असतं?

एका दुपारी सर्दी झाली म्हणून तिने गोळीसोबत खोकल्याचं औषधही घेतलं. त्या दिवशी ती आली ती लटपटतच. बटण फिरवलं आणि लायटर न पेटवताच खुर्चीवर जाऊन बसली. माझ्यातून गॅस फुसफुसत सुटू लागला. समोर दोन रिकामे कप, आणि त्या दोन आवाजांच्या गप्पा सुरू. माझ्याच पोटातून मी माझ्या मालनला मारत होते.

श्रुतिकाचं डोकं दुखत होतं म्हणून ती त्या दिवशी लवकर परतली. दारातच तिला वास आला. तिने दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, आत धावत येऊन रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि सासूला ओढतच बाहेर नेलं. तेव्हा मालन तिला बाळाच्या आवाजात म्हणाली, "येवक उशीर झालो."

संध्याकाळी श्रुतिकाने गोळ्यांची पाकिटं शोधली, मालनकडून दोन कपांची गोष्ट काढून घेतली आणि गुंगीत तीच उठते, तीच दोन्ही आवाजांत बोलते, हे तिला समजावून सांगितलं. मालनने विचारलं, "म्हणजे हे येत नव्हते?"

श्रुतिका रागाने उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकायला निघाली होती, पण आधी तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी एकदम बंद करायला मनाई केली. सवयीचं औषध तडकाफडकी तोडलं तर झटकेसुद्धा येऊ शकतात, दोघी आत्ताच या, म्हणाल्या. तिथे काय झालं ते मला श्रुतिकाच्या तोंडून कळलं, ती फोनवर श्रेयसला सांगत होती. गोळी थोडी थोडी कमी करत नेऊ, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा मालनने त्यांना विचारलं होतं, "मग हेपण हळूहळूच जातील ना?"

तसंच झालं. श्रुतिका रजा काढून घरी राहिली, गोळ्या तिने आपल्याजवळ ठेवल्या, रेग्युलेटर बंद राहू लागला. मालनला घाम फुटायचा, ती चिडायची, पद्मजाताई येऊन तिचा हात धरून बसायच्या. तो घोगरा आवाज विरळ होत गेला.

मग एका दुपारी मालन टक्क जागी होती. चार वाजले. तिने स्वतः रेग्युलेटर सुरू करून मला पेटवलं, चहा केला, दोन कप भरले आणि दाराकडे पाहत बसली. दुसरा कप निवला, साय धरली. कोणी आलं नाही. तेव्हा मालन रडली. बाळा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. गोळ्यांनी तिला रडूसुद्धा दिलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला झोपेची गोळी सुरू असेल तर ती ज्याच्या नावाची त्यानेच घ्यावी, सांगितली तेवढीच घ्यावी, आणि सोडतानाही डॉक्टरांना विचारूनच सोडावी. गोळी घेणारं माणूस काही विचित्र वागलं तर हसू नका, घाबरून लपवू नका, मोठ्यांना सांगा. मला सांगता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे.

मालनने तो निवलेला कप मोरीत ओतला, विसळला आणि श्रुतिकाला हाक मारली, "ये गं, तुझ्यासाठी ताजा टाकते."