डाव्या कोपऱ्यातलं धुकं

अध्यक्षमहाशय, तुम्ही धडधडीत खोटं बोललात. तेही माइकवर, माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून.

"या छायाचित्रात योगायोगाला जागा नाही," असं म्हणालात. "घोड्याच्या पाणी पिण्याच्या वेळेचा अभ्यास आहे. आणि हा डाव्या कोपऱ्यातला धूसरपणा! तो राखायला साधना लागते." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी शेवटच्या रांगेत तोंडावर हात धरून बसले होते. ती साधना माझी होती ना!

मी शिवणकाम करते. दादा निसर्गाचे फोटो काढतो, म्हणजे मुख्यतः तक्ते काढतो. सूर्य किती वाजता, कुठल्या टेकडीमागून, वारा कुठला, सगळं आखलेलं. एकोणीस दिवस आम्ही पहाटे तळ्याकाठी गेलो. मी कशाला? गाडी मला चालवता येते, त्याला येत नाही. एकोणीस दिवसांत सूर्यानं त्याचा तक्ता एकदाही वाचला नाही.

विसाव्या दिवशी दाट धुकं.

"आज काही होत नाही," दादा म्हणाला. "मी जरा गाडीत पडतो. तू कॅमेऱ्यापाशी थांब. आणि हात लावू नकोस."

"बघितलेलं चालेल का?"

"गप गं."

तो घोरायला लागला. इकडे भिंगावर दव साचलं. माझ्या खिशात अस्तराची कतरण होती, तिनं पुसायला घेतलं. निम्मंअर्धं पुसून झालं तोच धुकं मधोमध फाटलं आणि गुडघाभर पाण्यात पांढरा घोडा! कुणाचा, कुठून आला, देव जाणे. हाक मारली असती तर दादा उठायच्या आधी घोडा पळाला असता. मी बटण दाबलं. एकदाच. लगेच धुकं मिटलं. डावा कोपरा पुसायचा राहिला होता. हीच ती साधना.

दादानं फोटो स्वतःच्या नावानं तुमच्या स्पर्धेला पाठवला. "अगं, जागा माझी, कॅमेरा माझा. घरातलंच आहे ना सगळं?"

"घोडा पण तुझाच का रे?"

तेव्हा तो हसला. पण तुमचं भाषण ऐकून आल्यावर त्यानं बक्षिसाची ढाल पिशवीतून बाहेरच काढली नाही. दुसऱ्या दिवशी ढाल काखेत मारून तो तुमच्या कार्यालयात आला. मी सोबत होतेच.

"साहेब, बटण हिनं दाबलं. नाव बदला."

तुम्ही चहा ढवळत राहिलात. "प्रदर्शनाच्या पाट्या छापून झाल्यात हो. आणि बटण काय, कुणीही दाबतं. नजर लागते."

"मग ढाल तरी परत घ्या."

"अहो, ढाल परत घेतली तर मी भाषणात जे बोललो त्याचं काय?"

चला, एक तरी वाक्य खरं बोललात.

दादानं ढाल तुमच्या टेबलावर ठेवली. तिच्यावर मी ती कतरण ठेवली. अभ्यास करायचा असेल तर तिचा करा.

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. फोटोखाली अजून त्याच माणसाचं नाव आहे, ज्याला ते नको आहे. बटण कुणीही दाबतं म्हणता, तर ती 'कुणीही' म्हणजे मी. माझं नाव तिथं यायला हवं. रविवारच्या आत मला लेखी कळवा: पाटी बदलताय, की 'मी ठरलेल्या वेळी ठरवूनच आलो होतो', असं त्या घोड्याकडून लिहून आणताय?