रक्तातले कवळे परे

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंबाल्याला घडलो, पण आयुष्य गेलं ते सिंदेवाहीकडच्या एका लहान दवाखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर. माझी नजर तेज होती आणि त्याचा मला गर्वही होता, उगाच कशाला लपवू?

लॅबमधल्या शगुफ्ताबाई मऊ कापडानं माझी भिंगं पुसत. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून माझ्यापुढे ठेवत. बहुतेक वेळा हिवतापच शोधायचा असे.

एकदा धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे परे (धानाची रोपं) उपटून शेतात लावतात तेव्हा, लटारू नावाच्या शेतकऱ्याला दवाखान्यात आणलं. बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलाच्या खाचरात, पायाला झालेली जखम चिघळली होती. आधी अंग तव्यासारखं तापलं, मग एकाएकी थंड पडलं. त्याची बायको वच्छला खूश झाली.

"ताप उतरला नं बाई, आता काऊन ठेवता? घरी परे वाळून राह्यले."

डॉक्टर समजावून थकले. लटारू नुसता गुंगीत पडला होता. त्याला घरी नेलं असतं, तर तो वाचला नसता. शेवटी शगुफ्ताबाईंनी वच्छलाला हाताला धरून माझ्यापाशी आणलं.

"पाहा, हे लटारूभाऊचं रक्त."

"हे जांभळं काय होय?"

"रोगाशी लढणाऱ्या पेशी. पण कच्च्या आहेत. तयार परे संपले का माणूस कवळेच उपटून रोवते नं? त्याइचं शरीर तेच करून राह्यलं. रक्तात जहर पसरलं, बाई. हे थंड पडणं बरं होण्याचं नाई."

वच्छला कितीतरी वेळ माझ्यातून पाहत राहिली. मग म्हणाली, "राहू द्या परे. माणूस वाचवा."

सलाइन, इंजेक्शनं सुरू झाली. रोज नवी काच माझ्यापुढे येई. हळूहळू कच्च्या पेशी कमी होऊ लागल्या. एका सकाळी वच्छला धावतच आली.

"बाई, त्याइचे तळपाय ऊन लागून राह्यले!"

मी यंत्र खरा, पण मला भरून आलं.

पुढे पेशी मोजणारं नवं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. भिंगांवर बुरशी चढली. वाईट वाटलंच. पण परवा शगुफ्ताबाई नव्या मुलींना सांगत होत्या, की मोठ्या शहरांत आता त्याच पेशींच्या अंगावरच्या बारीक खुणा तपासतात. त्या खुणा बदलल्या, की आजार किती चढला ते लवकर ओळखता यावं, असा प्रयत्न चालू आहे. ऐकून मला बुरशीसकट आनंद झाला.

मला पुसायला विसरलात तर मी रुसेन, इतकंच. पण घरात कुणाची जखम चिघळली, तापलेलं अंग अचानक थंड पडलं आणि माणूस गप्प झाला, तर हुश्श करू नका. उचला आणि दवाखाना गाठा. आत त्याचं शरीर अजून लढत असतं.