रनाळ्यातलं ऑफिस

"नाही सर, तुमची बॅग हरवलेली नाही. ती फक्त चुकीच्या गावी उतरली आहे," रिना इंग्रजीत, अगदी शांत आवाजात सांगत होती. पलीकडे म्युनिकमध्ये एक म्हातारा ओरडत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचं लग्न, आणि त्याचा सूट लिस्बनला जाऊन पडलेला. नेमकी तेव्हाच स्क्रीनच्या कोपऱ्यात कंपनीची मेल उघडली. येत्या एक तारखेपासून सर्व कर्मचाऱ्यांनी आठवड्याचे पाचही दिवस पुण्याच्या कार्यालयात हजर राहावे.

रिनाने ती दोनदा वाचली. आवाज मात्र हलू दिला नाही. "संध्याकाळच्या विमानाने सूट येईल सर. मी स्वतः लक्ष ठेवते."

म्हातारा निवला. जाता जाता त्याने विचारलं, "तुम्ही कुठून बोलताय?"

"भारतातून," ती म्हणाली आणि कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

खालून हातोडीचा ठक ठक आवाज येत होता. खाली तिच्या नवऱ्याचं, ईश्वरचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळक्या मोटरी त्याच्याकडे यायच्या. त्या दुकानावरच्या खोलीत बसून रिना एका परदेशी विमानकंपनीच्या प्रवाशांच्या हरवलेल्या बॅगा शोधायची. स्वतः ती विमानात कधी बसली नव्हती. पण कुठल्या विमानतळावर बॅगा अडकतात आणि कुठला साहेब फोन उचलत नाही, हे तिला तोंडपाठ होतं.

लॉकडाऊन लागला तेव्हा ती पुण्याचं होस्टेल सोडून माहेरी, कळसाडीला आली. पंधरा दिवसांचे कपडे घेऊन आलेली पोरगी मग परत गेलीच नाही. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं की काम कुठूनही होऊ शकतं हे आपण सिद्ध केलंय, आता मागे वळणं नाही. त्या बोलण्यावर रिनाने आयुष्य उभं केलं. नंदुरबारजवळच्या रनाळ्याचं स्थळ आलं तेव्हा तिने एकच अट घातली, नोकरी सोडणार नाही. ईश्वर म्हणाला, सोडू नको. त्याने दुकानावर खोली चढवली, इंटरनेटची तार ओढून घेतली. चिकूचा जन्म झाला. रिनाला बढती मिळाली. तिच्या हाताखालची माणसं नागपूर, कोची, सिलिगुडी अशी देशभर विखुरलेली होती. त्यातल्या एकालाही तिने प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं आणि त्यामुळे एकाही प्रवाशाचं काही अडलं नव्हतं.

ती खाली उतरली तेव्हा सासू ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. नर्मदाबाईंना रिना आत्या म्हणे.

"काय व्हयनं वं? तोंड असं का उतरी गयं?"

"पुन्याले बलावी ऱ्हायनात, आत्या. कायमनं."

"कसाले? तुन्ही कोन्ही तक्रार करी का?"

"नही."

"काम चांगलं व्हई ऱ्हायनं ते मंग बलावतस कसाले?"

रिनाला त्या प्रश्नाचाच राग आला, कारण तोच प्रश्न तिने तासाभरापूर्वी कंपनीच्या एचआर विभागाला लिहून पाठवला होता आणि तिथून 'आपल्या भावना समजतो' एवढंच उत्तर आलं होतं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांची ऑनलाइन सभा होती. प्रश्न आधी लिहून द्यायचे, आणि ज्या प्रश्नाला सगळ्यात जास्त लोक पसंतीचा अंगठा देतील तो विचारायला मिळणार. रिनाचा प्रश्न सगळ्यात वर गेला. सिलिगुडीपासून कोचीपर्यंत लोकांचे निरोप येऊ लागले. ताई, आमच्या वतीने बोला.

त्या दिवशी ईश्वरने दुपारी दुकानातली कामं थांबवली. मोटर घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला त्याने ओठांवर बोट ठेवून बाहेर बाकड्यावर बसवलं. नर्मदाबाई चिकूला घेऊन शेजारी गेल्या. रिनाने चांगला ड्रेस घातला, केस नीट बांधले.

तिचं नाव पुकारलं गेलं. "सर, माझी टीम पाच गावांत आहे. प्रवासी युरोपात आहेत. मी पुण्याला येऊन कोणाशेजारी बसू? तिथे बसून मला याच माणसांशी याच स्क्रीनवर बोलायचं आहे. मग माझं घर मोडून कंपनीला काय मिळेल?"

'घर मोडून' हे तिने आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

साहेब हसले. फार सुंदर प्रश्न आहे, म्हणाले. मग संस्कृतीवर बोलले, एकत्र असण्याच्या ऊर्जेवर बोलले, कॉफीच्या मशीनपाशी सहज सुचणाऱ्या कल्पनांवर बोलले. रिना त्यांच्याकडे बघत होती आणि बघता बघता तिची नजर त्यांच्या मागे गेली. मागे बंगल्याची मोठी काचेची खिडकी होती. खिडकीबाहेर हिरवळ होती, आणि एक माळी पाइप ओढत नेत होता. तेवढ्यात एका बाईचा हात आला, साहेबांपुढे चहाचा कप ठेवून दिसेनासा झाला.

"सर, तुम्ही आत्ता कुठून बोलताय?" रिनाने विचारलं.

पण शब्द तोंडातून निघतात तोच तिचा माइक बंद करण्यात आला. साहेब पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्यांनी ऐकलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.

सभा संपली तसा रंजिताचा फोन आला. रंजिता तिची वरिष्ठ, पुण्यातली.

"अगं, तो दुसरा प्रश्न विचारायला नको होतास."

"ऐकला का कोणी?"

"मी ऐकला. माइक मीच बंद केला. तुला वाचवायला केला. हे बघ, मीही रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये कुजते. मला कोण विचारतंय? फक्त आजारपणाची सवलत आहे. तुला काहीतरी असेलच ना? मानेचं, पाठीचं?"

रात्री जेवताना रिनाने हे सांगितलं, तर ईश्वरचा चेहरा खुलला.

"मंग सोपं शे ना! वळखीना डॉक्टर शे. पाठ दुखस असं लिखी देई तो."

"मन्ही पाठ दुखत नही."

"अवं, कागदवर दुखू दे फक्त."

रिनाने ताटातला घास खाली ठेवला. "मी आठे आजारी म्हनीसन नही बठस, काम करस म्हनीसन बठस. धडधाकट बाई शे मी. लंगडी व्हईसन सवलत मांगू का?"

"मंग काय करानं? मी दुकान पुन्याले न्हेऊ? खेतरमानी मोटर बळनी ते लोके तठे थोडी येतीन?"

"तुम्हले कोन म्हने न्ह्या म्हनीसन?"

"मंग मन्हावर कसाले वरडी ऱ्हायनी?"

खरं होतं. ज्याच्यावर ओरडायचं तो हिरवळीला पाठ करून चहा पीत होता. रिना उठून हात धुवायला गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. पुढच्या दिवसांत नोकरी सोडावी हेही तिने ठरवून पाहिलं. राजीनाम्याच्या दोन ओळी अनेकदा लिहिल्या, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या ओळीशी येऊन खोडल्या. हे काम तिला येत होतं, आवडत होतं. दुसऱ्याच्या हट्टापायी ते का टाकायचं, हा तिचाही हट्टच होता.

एक तारखेला ती पुण्याला, खराडीच्या ऑफिसात हजर झाली. काचेचं उंच दार, गळ्यात ओळखपत्र. आत गेल्यावर कळलं की सगळ्यांना बोलावलंय खरं, पण सगळ्यांपुरत्या खुर्च्याच नाहीत. जागा मोबाइलवर आदल्या दिवशी धरून ठेवायची असते. रिनाला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने कँटीनच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडला. शेजारच्या टेबलावर दोन पोरं मोठ्याने क्रिकेटवर बोलत होती. नागपूरचा मुलगा अजून नागपूरलाच होता, त्याची कंपनीशी बोलणी चालली होती. तो म्हणाला, "ताई, आज तुमच्याकडे फार गोंगाट आहे हो. घरी काही कार्यक्रम आहे का?"

"हो," रिना म्हणाली. "बोल तू."

रंजिता दुपारी पाच मिनिटं भेटून गेली. दोघी एकमेकींकडे बघून ओशाळवाणं हसल्या. कॉफीचं मशीन बंद होतं.

आठवडाभर असंच गेलं. होस्टेलमधल्या खोलीत तिघी होत्या, तिघींच्या कानांत हेडफोन. रोज संध्याकाळी ती घरी व्हिडिओ कॉल लावायची. पहिले दोन दिवस चिकू रडली. तिसऱ्या दिवशी तिने फोनकडे पाहिलं आणि खेळायला पळाली. नर्मदाबाई म्हणाल्या, "ऱ्हावाले शिकी गयी वं. तू घोर नको करू." रिनाला ते बरं वाटायला हवं होतं.

शुक्रवारी कामावरून ती थेट ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर गेली. रात्रभर बसमध्ये डुलत शनिवारी सकाळी नंदुरबारला उतरली आणि तिथून रनाळ्याला. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. ईश्वरने लगबगीने येऊन तिच्या हातातली बॅग घेतली. नर्मदाबाईंनी चटई अंथरली. "बठ वं, थकी गयी व्हशी," म्हणत त्या चहाचं पाहायला आत गेल्या. आजवर या घरात रिनासाठी कोणी चटई अंथरली नव्हती. ती अंग चोरून बसली.

"चिकू!" तिने हाक मारली.

चिकू लगेच धावत आली नाही. स्वयंपाकघराच्या दारातून ती हळूहळू, पावलं मोजल्यासारखी येत होती. दोन्ही हातांत स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला. नजर पाण्यावर, जीभ ओठांबाहेर. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, हे आजीने तिला याच आठवड्यात शिकवलं होतं. रिनासमोर येऊन ती थांबली. पेला पुढे केला.

"पानी ल्या," चिकू म्हणाली.

मोठ्यांना, परक्यांना म्हणतात तसं. आईला ती नेहमी 'ले' म्हणायची.

दारात उभा असलेला ईश्वर हसू लागला, आणि रिनाकडे पाहून थांबला. रिनाने दोन्ही हातांनी पेला घेतला. तहान नव्हती, तरी सगळं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्याली, कारण चिकू समोर उभी राहून बघत होती. मग रिकामा पेला तिने चिकूच्या हातात परत दिला.