शुक्रवारची सही

मी इंटर्नशिपची नोंदवही बोलतेय. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी, आता कोपरे दुमडलेली. कॉलेजने शेवटच्या वर्षाच्या मुलांना आम्हाला एकेक करून वाटलं. प्रत्येक पानावर तारीख, दिवसभराचं काम आणि खाली एक रकाना : 'आज काय शिकलात?' माझ्या बहुतेक बहिणींच्या नशिबी मागच्या वर्षीच्या वहीची नक्कल आली. मला मात्र खरं लिहिणारी पोरगी मिळाली.

"इंटर्नशिपचं सोनं करायचं असेल तर रोज लिहा, प्रश्न विचारा, लाजू नका," असं सरांनी वर्गात सांगितलं होतं. पोरीने ते मनावर घेतलं. डोक्याला हेल्मेट, काखेत मी, अशी ती बांधकामावर हजर झाली.

तिथल्या साहेबांना तिच्याशी बोलायला सवड नव्हती. शिकवलं ते मिस्त्रीने. सळई कशी बांधायची, काँक्रीटला पाणी किती, सगळं. संध्याकाळी हात धुता धुता तो विचारायचा, "काय इंजिनीयरबाई, आज काय शिकलात? लिहिलंत का?" ती हसायची आणि लिहायची. माझ्या पानांवर सिमेंटची बोटं उमटली ती त्याचीच.

एक दिवस पोरीला दिसलं की तपासणीसाठी काँक्रीटचे जे ठोकळे पाडतात, त्यांचा माल वेगळा कालवलाय. चांगला घट्ट. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला जाणारा माल मात्र पातळ. तिने मिस्त्रीला विचारलं. तो उठून सरळ साहेबांकडे गेला. पोरगी मागे उभी होती. त्या दिवशी तिने माझ्यात लिहिलं : 'मिस्त्रीकाका म्हणाले, गॅलरीचा माल पातळ आहे, ओतू नये. साहेब म्हणाले, ओता, ठोकळे पास होतील.'

शुक्रवारी साहेबांनी आठवड्याच्या पाच पानांवर सह्या केल्या. दर शुक्रवारी करायचे, फोन खांद्याला लावून, न वाचता. त्या पानावरही केली.

पुढच्या महिन्यात गॅलरी कोसळली. मिस्त्री खालीच होता. पोरगी जिन्यात होती, तिला धूळ तेवढी लागली.

चौकशी बसली. ठोकळे पासच झाले होते. मग सगळं खापर मिस्त्रीवर फुटलं : त्याने खालचे टेकू लवकर काढले म्हणे. मेलेला माणूस काय बोलणार?

पोरगी मला घेऊन सरांकडे गेली. सरांनी ते पान दोनदा वाचलं. "कामाचं तेवढंच लिहायचं असतं गं," ते हळूच म्हणाले. "नवी वही देतो. चांगल्या अक्षरात उतरवून काढ. तुझं वर्ष कशाला घालवतेस?" प्रश्न विचारा म्हणणारे हेच ते सर. मला त्यांचा राग आला, आणि बोलण्याआधी त्यांनी दार लोटून घेतलं होतं तेही मी पाहिलं.

तिने नवी लिहिली. तीन दिवस रडत लिहिली, पण लिहिली. ते एक पान सोडून. त्या वहीला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला आणि साहेबांनी पोरीला तिथेच नोकरी दिली. मला फाडायला तिचा हात धजला नाही. टेबलाच्या खालच्या खणात घालून तिने कुलूप लावलं.

काल मिस्त्रीची बायको घरी आली होती. आईने तिला पाणी दिलं. खणातून मला सगळं ऐकू येत होतं.

"ते घरी तुझंच सांगायचे, पोरगी सगळं लिहून ठेवते म्हणून. सोमवारी शेवटची सुनावणी आहे. त्यांनी साहेबांना अडवलं होतं, असं मला म्हणाले होते. कागदाशिवाय कोणी ऐकत नाही. तू काही लिहिलं होतंस का?"

पोरीच्या हातातल्या किल्ल्या वाजल्या.

"नाही, काकू," पोरगी म्हणाली.

बाई गं, मी तुझ्यावर चिडलेय आणि तुझी कीवही येते मला. भीती कोणाला चुकलीय? पण त्या पानावर तुझं अक्षर आहे, साहेबांची सही आहे आणि मिस्त्रीचं बोट आहे. त्याच्या बाजूने बोलणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. किल्ली तुझ्या जुडग्यात आहे. सोमवार परवा आहे. मला पाय असते तर मी तुला विचारलंही नसतं.