टेबलाच्या पायाखालची घडी

जाऊबाईंच्या डाव्या अंगठ्याला शाई लावून झाली, तेव्हा मी त्या कागदाच्या दुसऱ्या ओळीवर होते.

त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत बँडेजमध्ये होता. चांगली वळणदार सही करणाऱ्या बाईला अंगठा उठवायला लावायचं म्हणून ऑफिसातल्या मॅडमनी शाईचं पॅड मागवलं होतं. टेबलापलीकडे त्या, त्यांच्या शेजारी आमचा मुकादम, आणि मध्ये कंपनीने बोलावलेला दुभाषा. दुभाषा आपल्याकडचाच, जिभेवर साखर ठेवून बोलणारा.

"वहिनी, काळजीचं काही नाही," तो म्हणाला. "अपघात झाला, एवढंच लिहिलंय. अंगठा द्या, औषधपाण्याचं कंपनी बघेल. मोकळ्या व्हाल."

सही करा आणि मोकळे व्हा, हे आम्ही या देशात अकरा वर्षं करत आलो होतो. भाड्याचा करार, शाळेचा फॉर्म, नोकरीचं पत्र, सगळं न वाचता. कुणीतरी आपल्यातलाच वाचतो, मान डोलावतो आणि आपण सही ठोकतो. पूर्वी ते खपून जायचं. गेल्या वर्षी कायदा बदलला. स्वतःच्या चुकीने नोकरी गेली, तर तीस दिवसांत देश सोडायचा. मोठे दीर वारल्यापासून जाऊबाईंचं आणि माझ्या पुतणीचं इथलं राहणं या धुलाईघरातल्या नोकरीवर होतं. पुतणीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं.

मला सोबतीला बसू दिलं, कारण मला काही कळत नाही याची तिघांनाही खात्री होती. कळतं अशी खात्री मलाही फारशी नव्हती. सात महिने दर गुरुवारी इथली भाषा शिकायला वर्गाला जात होते, पण वाचायचं म्हणजे अजून ओळीवर बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत. घरी जाऊबाई मला मास्तरीणबाई म्हणायच्या. "या वयात शिकून कुठली बॅरिस्टर होणार आहेस? कानामागून आली आणि तिखट झाली," असं म्हणून हसायच्या. त्यांचं पाहून डब्याच्या सुट्टीत सगळ्याजणी हसायच्या. मग मी सुट्टीत वही पिशवीतून बाहेर काढायची सोडून दिली.

दुसऱ्या ओळीत एक लांबलचक शब्द होता. तो माझ्या ओळखीचा होता, आणि कुठून तेही लगेच आठवलं.

दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी तो आमच्या मशीनवर चिकटवलेला होता. हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करणारं ते मोठं रोलर मशीन. जाऊबाई ओली चादर आत सारायच्या, मी पलीकडून गरम चादर ओढून घ्यायची. त्या सकाळी कागदावर लाल अक्षरांत हा शब्द होता आणि खाली तीन ओळी. मी लाल शब्द गुपचूप वहीत उतरवला, खालचं वाचायला घेतलं, तोवर मुकादमाने कागद ओढून काढला आणि हातानेच खूण केली, चालवा. आम्ही चालवलं. शेजारच्या मशीनवरच्या बाईला अर्थ विचारावा असं मनात आलं होतं. जाऊबाई समोरच उभ्या होत्या. पुन्हा हसतील म्हणून मी गप्प बसले आणि ठरवलं, गुरुवारी वर्गात विचारू.

बुधवारी जाऊबाईंची बोटं रोलरमध्ये गेली.

गुरुवारी तरीही मी वर्गाला गेले, फक्त तो शब्द विचारायला. शिकवणाऱ्या बाईंनी खडूने चित्र काढून दाखवलं. रोलरच्या तोंडाशी हात जाऊ नये म्हणून बसवतात, ती जाळी. त्या रात्री मला अन्न गेलं नाही, आणि का, ते मी घरात कुणालाही सांगितलं नाही.

आता तीच जाळी या कागदावर होती. तिच्यापुढे, 'मी स्वतः काढली.'

अंगठा कागदापासून बोटभर वर होता. मी जाऊबाईंचं मनगट धरलं.

"अगं, काय करतेस?" त्या म्हणाल्या.

"ताई, थांबा. यात लिहिलंय की जाळी तुम्हीच काढलीत."

दुभाष्याचं हसू जरा आखडलं. "वहिनी, तुम्ही कशाला मध्ये पडता? कायदेशीर भाषा असते ती. मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगितलंत तेवढं पुष्कळ झालं," मी म्हटलं आणि मॅडमकडे वळले. वर्गात वीस वेळा घोकलेलं सगळं नेमकं त्या क्षणी गायब झालं. जे तीन-चार तुकडे हाती लागले ते मी त्यांच्या भाषेत ठेवून दिले. "हे खरं नाही. जाळी आधीच नव्हती. मशीनवर कागद होता. याने काढला," मी मुकादमाकडे बोट दाखवलं.

मुकादम हसला आणि भराभर काहीतरी बोलला. मला त्यातलं फक्त 'कुठला कागद' एवढंच कळलं. तेवढं पुरेसं होतं, कारण तो कागद कुठे आहे हे मला माहीत होतं.

आमच्यात कोरा-लिहिलेला कुठलाच कागद टाकायची पद्धत नाही. मुकादमाने चुरगळून फेकलेला तो कागद जाऊबाईंनी उचलला होता. जाड आहे, कामाला येईल म्हणाल्या, आणि आठ घड्या घालून जेवणाच्या खोलीतल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला होता. आजपर्यंत त्याच टेबलावर आम्ही डबे खात होतो.

"दोन मिनिटं," असं मॅडमना म्हणून मी उठले. मुकादमही उठला. मॅडमनी त्याला हाताने बस म्हटलं. तरी मी पळतच गेले. न जाणो, सकाळच्या झाडूवालीने टेबल हलवलं असेल तर? टेबल जड होतं. खांद्याने उचलून धरलं आणि पायाने घडी बाहेर ओढली. काळी पडली होती, पण होती.

मॅडमनी ती उलगडली आणि उभ्यानेच वाचली. मीही त्यांच्या शेजारी उभी राहून बोट न ठेवता वाचलं. जाळी दुरुस्तीला नेली आहे. ती बसवेपर्यंत मशीन चालवू नये. खाली मेकॅनिकची सही आणि सोमवारची तारीख.

मॅडमनी मुकादमाला काहीतरी विचारलं, तो खिडकीकडे पाहायला लागला. मग त्यांनी अंगठ्यासाठीचा कागद बाजूला सारला आणि माझ्याशी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. चौकशी होईल. तोवर यांची नोकरी चालू आहे, पगारासह.

मॅडम तो घडीचा कागद फाइलमध्ये ठेवू लागल्या तेव्हा मी म्हटलं, "आधी एक प्रत द्या." वर्गातला हा पहिला धडा होता.

बाहेर बसथांब्यावर प्रत पर्समध्ये जपून ठेवली. जाऊबाई आपला काळा अंगठा पदराला न लागेल असा धरून बसल्या होत्या.

"सोमवारी तो शब्द तू पाहिला होतास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तेव्हाच कुणाला का नाही विचारलंस?"

खोटं बोलता आलं असतं. "तुम्ही हसाल म्हणून," मी म्हटलं. "ताई, मी विचारायला हवं होतं. माझं चुकलं."

त्यांनी बँडेजकडे पाहिलं. आत तीनच बोटं उरली होती.

"म्हणजे माझी दोन बोटं माझ्याच हसण्यात गेली," त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं. त्या रडल्या नाहीत. बस येऊन गेली, आम्ही दोघी बसूनच राहिलो.

"तुझा तो वर्ग गुरुवारी किती वाजता असतो गं?"

"सहाला."

"डाव्या हाताने लिहिलेलं चालतं का, ते विचारून ठेव," जाऊबाई म्हणाल्या.